वर्गणीचा दरवाजा

आधी ती पाटी वाचू नका, मित्रांनो. वाचली असेल तर विसरून जा. माझ्या छातीवर सोनेरी अक्षरांत ज्या जगप्रसिद्ध क्लबचं नाव लिहिलंय, त्याचं मैदान मी जन्मात पाहिलेलं नाही. ते नाव मी उच्चारणारसुद्धा नाही. मी एक जुना फिरता दरवाजा आहे आणि मी हॅडलबी टाउनचा आहे. सध्या मला दुबईत, अल क्वोजमधल्या एका चकाचक फुटबॉल टर्फच्या तोंडाशी उभं केलंय, अंगाला लाल रंग फासून. लाल! अहो, आमचा रंग हिरवा-पिवळा होता!

फिरता दरवाजा म्हणजे हॉटेलातला काचेचा नव्हे हां. मला इंग्रजीत टर्नस्टाइल म्हणतात. कमरेएवढा ओतीव लोखंडाचा खांब, त्याला चार आडवे हात आणि खाली एक पायपट्टी. तिकिटं द्यायला बसलेल्या माणसाने पायपट्टी दाबली की माझा हात फिरतो, खट् असा आवाज होतो आणि एक माणूस आत जातो. एका खट्ला एकच. मग तो गावातला डॉक्टर असो की कोळशाच्या गाडीवरचा हमाल, सगळ्यांना तेवढीच जागा. माझ्या पोटात माणसं मोजणारा आकडा आहे. तो कधी चुकला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

हॅडलबी हे इंग्लंडातलं एक छोटं गाव. तिथे दोरखंडांचा कारखाना होता. शनिवारी दुपारी भोंगा झाला की कामगार मोकळे व्हायचे, आणि त्या मोकळ्या दुपारींसाठी त्यांनी क्लब काढला. त्याला आता शंभराच्या वर वर्षं होऊन गेली. इंग्लंडात वरच्या चार लीगमध्ये मोठमोठे क्लब असतात, मित्रांनो. त्यांच्या खाली पायऱ्याच पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर आमच्यासारखे शेकडो क्लब. त्या सगळ्यांना मिळून नॉन-लीग म्हणतात. म्हणजे आम्ही कोण आहोत ते सांगायचंच नाही, कोण नाही आहोत तेवढं सांगायचं! याला काय म्हणावं?

आमचा गोलकीपर पोस्टमन होता. आमचा सेंटर फॉरवर्ड शाळेत गणित शिकवायचा आणि सोमवारी लंगडत वर्गावर जायचा. आमचं मैदान एका कोपऱ्याकडे चांगलंच उतरतं होतं. पाहुणे संघ त्यावरून कटकट करायचे, आमचे लोक हसायचे. लाकडी स्टँड गावकऱ्यांनी स्वतः बांधला, सुट्टीच्या दिवशी खिळे ठोकून. आणि मला कोणी आणलं? समर्थकांनी. घरोघर फिरून वर्गणी गोळा केली आणि मला मँचेस्टरजवळच्या एका ओतशाळेतून बैलाएवढ्या घोड्यांच्या गाडीवर घालून गावात आणलं. माझ्या अंगावर त्यांनी पितळेची एक पट्टी बसवली. तिच्यावर कोरलं होतं, 'हॅडलबी टाउन. समर्थकांच्या वर्गणीतून.'

माझ्या शेजारच्या स्टुलावर कितीतरी माणसं बसून गेली, पण माझं खरं माणूस म्हणजे डोरीन. ती तरुणपणी बसली आणि केस पांढरे झाले तरी उठली नाही. तिच्या डोक्यावर एक सरकारी थाटाची पाटी होती : 'मुलांना उचलून आत घेण्यास मनाई आहे.' कारण तिथल्या बापांची जुनी सवय होती. स्वतः तिकीट काढायचं, आणि पोराला काखेत धरून माझ्या हातांवरून अलगद पलीकडे ठेवायचं. आकडा एकदाच फिरायचा. क्लबच्या कमिटीला ते खुपायचं, म्हणून ती पाटी.

डोरीनने काय केलं असेल? आल्या दिवसापासून ती आपला कोट त्या पाटीवर टांगायची. खिळा तिथेच आहे, मी काय करू, म्हणायची. एखादा बाप पोराला उचलायला लागला की तिला नेमकी चहाच्या टपरीकडे बघायची आठवण व्हायची. अशी उचलून आत आलेली पोरं मोठी झाली आणि आपल्या पोरांना उचलून आणू लागली. मित्रांनो, क्लब म्हणतात तो याला. कपाटातल्या कपांना नव्हे.

आणखी एक गंमत सांगतो. आमच्याकडे हाफटाइमला सगळे प्रेक्षक हातात चहा घेऊन मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचे. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार, त्या गोलमागे उभं राहायचं. मोठ्या क्लबांत हे जमेल का? तिथे सीट नंबर. जागचे हललात तर गार्ड येतो.

एवढं सगळं चांगलं चाललं होतं, आणि मग सुटातला तो माणूस आला. कारखाना केव्हाच बंद पडला होता, क्लब अडचणीत होता. त्याने क्लब विकत घेतला, म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या, पोरांबरोबर फोटो काढले. नवं स्टेडियम देतो म्हणाला. आणि दोन हिवाळे जातात न जातात तोच मैदान घरं बांधणाऱ्या कंपनीला विकून मोकळा! नवं स्टेडियम राहिलं कागदावर. तुम्ही शेजारच्या गावात खेळा, म्हणाला. शेजारच्या गावात! ज्यांच्याशी आमचं आजोबा-पणजोबांपासून वैर, त्यांच्या मैदानावर जाऊन हॅडलबीचा माणूस टाळ्या वाजवणार? लोक गेले नाहीत. क्लब बंद झाला. सुटातल्या माणसाने खांदे उडवले आणि म्हणाला, बघा, लोकांनाच आवड राहिली नाही. अजून आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला डोरीनने एकेकासाठी पायपट्टी दाबली. सगळे आत गेल्यावर ती स्टुलावरून उठली, बाहेरच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आमच्या त्या पोस्टमनला, आता खेळ सोडून म्हातारा झालेल्या गोलकीपरला, म्हणाली, "आता तू दाब. इतकी वर्षं झाली, मी एकदाही इथून आत गेले नाही." पोस्टमनने पायपट्टी दाबली. खट्. तो आवाज मी तरी विसरणार नाही.

मला गावच्या वाचनालयात ठेवा, असं तिने त्या सुटातल्या माणसाला हात जोडून सांगितलं होतं. त्याने मला जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकलं. मग लाकडी खोकं, कंटेनर, समुद्र, आणि डोळे उघडले ते जमालच्या वर्कशॉपमध्ये.

मला मराठी कशी येते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. ती या वर्कशॉपची कृपा. जमाल मूळचा रत्नागिरीकडचा, दाभोळचा. राहतो शारजात, वर्कशॉप अल क्वोजला. त्यामुळे त्याचा दिवस ट्रॅफिकला शिव्या घालत सुरू होतो आणि तसाच संपतो. त्याच्याकडे वेल्डिंगला किसन होता, महाडजवळच्या गावचा, तिथेच अल क्वोजच्या लेबर कॅम्पात राहणारा. दोघं दिवसभर बोलत असायचे आणि मी ऐकत असायचो. सुट्टीच्या दिवशी जमालची मुलगी फिझा यायची. ती माझ्या हातावर बसून पाय हलवायची. जमाल ओरडायचा, "फिझा, उतर खाली, पडशील!" ती म्हणायची, "अब्बा, आय एम फाइन!"

एकदा किसनने रॉकेलच्या फडक्याने माझी पितळी पट्टी पुसली.

"जमालभाई, काय लिहिलंय हो यावर?"

जमालने चष्मा लावला. "हॅडलबी टाउन. लोकांनी काँट्रिब्युशन करून दिलेला दरवाजा, असं काहीतरी."

"काँट्रिब्युशन म्हणजे वर्गणी ना?"

"वर्गणीच."

किसन फडकं हातात घेऊन हसायलाच लागला. "अहो, मग हे आपलं मंडळच की! मी समजलो कुठल्या राजवाड्याचा दरवाजा आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला परक्या मुलखात कोणीतरी घरचं भेटलं. कारण किसनचंही मंडळ होतं. 'रविवार क्रीडा मंडळ, अल क्वोज.' महाराष्ट्रातले, केरळातले, नेपाळातले कामगार, कोणी सुतार, कोणी लिफ्ट बसवणारा. दोन गोदामांच्या मध्ये एक रिकामा वाळूचा पट्टा होता. तिथले दगड त्यांनी स्वतः वेचले, पाइपांचे गोलपोस्ट किसनने वेल्ड केले. आठवडाभर बांधकामाच्या साइटवर उन्हात राबायचं आणि रविवारी सकाळी खेळायचं. किसन गोलकीपर. "रविवार आहे म्हणून बाकीचे दिवस निघतात," तो जमालला सांगायचा. घरी मुक्ताबाईला, म्हणजे बायकोला, फोन करायचा तो सामना झाल्यावरच, कारण ती पहिला प्रश्न विचारायची, किती गोल खाल्ले?

आणि नेमका तोच वाळूचा पट्टा शैलेंद्र सरांनी टर्फसाठी भाड्याने घेतला!

शैलेंद्र पुण्याचा. गोड बोलणारा. सूट नव्हता, टीशर्ट होता, पण मी असल्या माणसाला वासावरून ओळखतो. तो वर्कशॉपमध्ये आला, मला बघून टाळीच वाजवली.

"परफेक्ट! जमालभाई, आपली थीमच ओल्ड इंग्लिश फुटबॉल आहे. एंट्रन्सला हाच लावू. फक्त हे हॅडल-फॅडल नाव काढा. कोण ओळखतं? असं नाव टाका की कस्टमर लगेच सेल्फी काढेल."

"पण सर, तो त्या क्लबचा नाहीये," जमाल म्हणाला.

"अरे, कोण चेक करणार?"

किसन बाजूला उभा होता. त्याने धीर करून विचारलं, "सर, त्या जागेवर आम्ही रविवारी खेळतो. आमचं कसं?"

"तुमचंच आहे रे ते! रविवारी सकाळी तुम्हीच खेळा. प्रॉमिस. यल्ला, काम उरका."

किसनचा चेहरा असा उजळला! त्याने मला तिथे बसवताना दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आपल्याच मैदानाचा दरवाजा म्हणून त्याने मला बसवलं. लाल रंग मात्र त्याने नाइलाजाने मारला. पितळी पट्टी फेकून द्यायची जमालची छाती झाली नाही. त्याने ती आतल्या बाजूला, पायपट्टीजवळ, कोणाला दिसणार नाही अशी स्क्रूने बसवली आणि मला म्हणाला, "माफ कर बाबा."

मग माझ्या पोटात तारा घातल्या. आता पायपट्टी दाबणं नाही, कार्ड. कार्ड लावलं की मी फिरतो आणि आतल्या स्क्रीनवर एंट्री उमटते. कार्ड मेंबरांना. बाजूला एक सूचना, 'अँटिक वस्तू. हात लावू नये.' ज्याला शंभर वर्षं लोकांनी हात लावला, ढोपर मारलं, टेकून गप्पा मारल्या, त्याला हात लावू नये!

जानेवारीतला तो रविवार. रविवार मंडळाचा फुजैराच्या पोरांशी परतीचा सामना ठरला होता. ही पोरं डोंगरापलीकडच्या फुजैरा बंदरात जहाजांना तेल भरणाऱ्या कंपनीतली. मागच्या वर्षी किसनची टीम तिथे जाऊन हरली होती, त्यामुळे या सामन्याची किती वाट बघितली असेल! फुजैराची बस डोंगर ओलांडून सकाळीच येऊन थांबली. जर्सी घालून सगळे माझ्यासमोर उभे. जमालही फिझाला घेऊन शारजाहून आलेला.

दारावर मोईन होता, गार्ड, श्रीवर्धनचा पोरगा. त्याने मान खाली घातली. "किसनभाऊ, कार्डशिवाय ऑर्डर नाही."

"सरांनी स्वतः सांगितलंय."

मोईनने फोन केला. शैलेंद्र वरच्या कॅफेतून खाली आला, कॉफीचा मग हातात. आणि मित्रांनो, तो काय बोलला ते नीट ऐका.

"किसन, मी कुठे नाही म्हणतोय? माझा काही प्रॉब्लेमच नाही. पण सिस्टिम अलाउ करत नाही ना. हा दरवाजा फिरला की एंट्री होते, एंट्री झाली की पार्टनर विचारतो, हे कोण लोक? दरवाजा फिरता कामा नये. बस, एवढंच आहे."

माझ्यावर ढकललं! स्वतःचा शब्द मोडायचा आणि नाव माझं पुढे करायचं! मी आयुष्यात एकाही माणसाला अडवलं नव्हतं. मला त्या लोकांच्याच वाटेत उभं केलं, ज्यांनी दगड वेचून ती जमीन मऊ केली, आणि वर म्हणे दरवाजा फिरता कामा नये. मला तोंड असतं तर मी त्याच्या कॉफीत थुंकलो असतो.

 किसनने ग्लोव्ह्ज काढायला घेतले. ते बघवत नव्हतं. शैलेंद्र जिना चढून वर गेला.

"खलास," फुजैराचा कोणीतरी म्हणाला. "चला, परत बसमध्ये."

जमालचा चेहरा लालेलाल झाला होता. रागाने तो मोईनलाच म्हणाला, "मी या दरवाजाचं काम केलंय. मला मैदान तरी बघू देशील?" जमालकडे कामाचं म्हणून एक कार्ड होतं. त्याने ते लावलं, तो आत आला. खट्. फिझा बाहेरच राहिली.

"अब्बा! व्हॉट अबाउट मी? इट्स नॉट फेअर! लिफ्ट मी!"

जमाल वळला. त्याने दोन्ही हात पुढे केले, फिझाला काखेत धरलं, माझ्या हातांवरून अलगद उचललं आणि पलीकडे ठेवलं. मी हललो नाही. आकडा हलला नाही. आणि मोईन? मोईन तेव्हा रस्त्यावरच्या सिमेंटच्या ट्रककडे बघत होता, जणू असा ट्रक त्याने कधी पाहिलाच नव्हता.

डोरीन, अगं, तू इथे कशी?

किसनने ते पाहिलं. त्याने ग्लोव्ह्ज परत चढवले.

"जमालभाई," तो हळूच म्हणाला, "सर काय म्हणाले? दरवाजा फिरता कामा नये, एवढंच ना?"

"एवढंच म्हणाले."

"मग नाही फिरणार." आणि वळून ओरडला, "पोरांनो, दहीहंडी विसरलात काय? मी महाडला खालच्या थराला असायचो! चला, या एकेक!"

मित्रांनो, मी शंभर वर्षांत खूप पाहिलं, पण असं नाही. विटा, सळया, सिमेंटच्या गोण्या उचलणारी ती माणसं. त्यांना माणूस उचलायचं काय अवघड? इकडून दोघं धरायचे, तिकडून जमाल झेलायचा. एक सुतार आला, एक लिफ्टवाला आला, एक नेपाळी विंगर तर हवेतच हात हलवत आला. फुजैराचा कॅप्टन शाहबाज चांगला धष्टपुष्ट. त्याला उचलताना सगळे म्हणाले, "अरे, याला तेलाच्या टाकीसकट आणलाय काय?" शाहबाज हवेत लोंबकळत शिव्या देत होता आणि फिझा टाळ्या पिटत होती. कोणीही मला हात लावला नाही. सूचना पाळली! सगळ्यांत शेवटी किसन उरला, बाहेर एकटा. तेव्हा मोईन पुढे आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याने किसनला कंबरेला धरून उचललं.

स्क्रीनवर एंट्री एकच, जमालची. आणि मैदान भरलेलं.

सामना सुरू झाला. वरच्या कॅफेतले लोक काचेशी आले, मोबाइल काढून शूटिंग करू लागले, मग खालीच आले. शैलेंद्र धावत आला होता ओरडायला, पण मेंबर टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर त्याने तोंड मिटलं आणि हा टाळ्या वाजवायला लागला! हाफटाइमला फिझा एका गोलमागून उठून चालत दुसऱ्या गोलमागे जाऊन उभी राहिली, कारण किसनची टीम आता तिकडे हल्ला करणार होती. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिच्यामागे जमाल गेला, मग कॉफीचे कप घेऊन बाकीचेही गेले. मंडळ जिंकलं की हरलं, ते किसनने मुक्ताबाईला फोनवर सांगितलं, मी कशाला सांगू? तो फोनवर हसत होता एवढं मी ऐकलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढा चिडून बोलत बसलो नसतो. सोमवारी शैलेंद्रने माझ्या डोक्यावर नवी पाटी ठोकून घेतली. इंग्रजीत, अरबीत, हिंदीत : 'कोणालाही उचलून आत घेण्यास सक्त मनाई.' तीच पाटी! समुद्र ओलांडला, इतकी वर्षं गेली, आणि तीच पाटी माझ्या डोक्यावर. वर तो जमालला म्हणतो, मी काय करू, इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत. आधी सिस्टिम, आता इन्शुरन्स. याच्यात स्वतःचं म्हणून काही आहे की नाही?

पुढच्या रविवारी मंडळ आलं. पाटी बघून सगळे थबकले. हवा चांगली गार होती, हात चोळावेत अशी. मोईनने किसनकडे पाहिलं. मग त्याने अंगातलं गार्डचं जाड जॅकेट काढलं.

"आज फार उकडतंय," तो म्हणाला, आणि ते त्याने पाटीवर टांगलं. "खिळा इथेच आहे, कुठे ठेवू?" एवढं बोलून तो ट्रककडे बघत उभा राहिला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझी एवढीच मागणी आहे. अल क्वोजला आलात तर छातीवरच्या सोनेरी नावाबरोबर सेल्फी काढू नका. जरा वाका, पायपट्टीजवळची पितळी पट्टी शोधा आणि तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचा. ते ऐकून मला किती वर्षं झाली! आणि थंडी असो नसो, येताना जॅकेट घालून या. मोईनची ड्युटी रोज नसते, टांगायला लागेल.